आमच्या शाळेतली लढाई मार्चपर्यंत चालली

एकाहत्तरची लढाई देशानं पंधरवड्यात जिंकली. आमच्या शाळेत ती मार्चपर्यंत चालली. हे इतिहासाच्या पुस्तकात येणार नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांना आमच्या शाळेत पाणी कसं प्यायला मिळायचं ते ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसेल तर ही लढाई कळायची नाही.

मी पत्रकांवर वाढलो. बाप सालगडी होता. त्याला अक्षर येत नव्हतं. पण हिंगोलीला किंवा परभणीला सभा आहे असं कळलं की मालकाच्या शिव्या खाऊन तो जायचा आणि येताना पत्रकं घेऊन यायचा. छापलेला कागद फेकायचा नाही, एवढंच त्याला कुणीतरी सांगितलेलं होतं. आमच्या घराच्या भिंतीची माती गळायची. आईनं खळ करून ती सगळी पत्रकं भिंतीला चिकटवली. शाळेत घालायच्या आधी मी त्या भिंतीवर वाचायला शिकलो. माझा पहिला शब्द ‘जाहीर’ आणि दुसरा ‘निषेध’. कमळ आणि गवत फार उशिरा आले. आईलाही अक्षर येत नसल्यानं निम्मी पत्रकं तिनं उलटी चिकटवली होती. त्यामुळे मला उलटं छापलेलंही सुलट्यासारखं वाचता येतं. ही विद्या पुढं उपयोगाला आली.

आमची वस्ती सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या अंगाला, आणि हायस्कूल दीड कोसावरच्या बाजाराच्या गावात. धर्म बदलून आम्हाला पंधरा वर्षं होत आली होती, पण त्या गावाच्या तोंडी आमच्या वस्तीचं जुनंच नाव होतं. वस्तीतून हायस्कूलला जाणारे आम्ही दोघंच. मी, आणि आमच्या शेजारच्या घरातली एक मुलगी. मॅट्रिकचा वर्ग म्हणजे सगळे मिळून आम्ही नऊजण, आणि त्यात मुलगी ती एकटी. माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी तेव्हा मान्य करत नव्हतो, कारण तिचं पाठांतर चांगलं असलं तरी तिच्याकडे विचारसरणी नाही, असं माझं मत होतं.

शाळेच्या व्हरांड्यात पाण्याचा रांजण होता आणि त्याच्या वर खिळ्याला जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, एक पेला टांगलेला असायचा. नियम असा होता की स्वच्छतेसाठी शिपायानंच सगळ्यांना पाणी द्यायचं. शिपायाला सगळी शाळा मामा म्हणायची. मामा नियमाला पक्का होता. गावातली मुलं आली की मामाला नेमकी शिंक तरी यायची, नाहीतर बिडीची आठवण तरी व्हायची. तो पाठ फिरवायचा, आणि मुलं पेला काढून, बुडवून प्यायची. आम्ही दोघं आलो की मामाची शिंक थांबायची. मग तो पेला उंच धरून आमच्या ओंजळीत धार सोडायचा. अर्धं पाणी ओंजळीत, अर्धं अंगावर.

मी मुलगा. अंगावर पाणी पडलं तर सदरा झटकायचो आणि मनात एक पत्रक लिहायचो. तिचं तसं नव्हतं. ती ओंजळ धरून वाकली की गावातली पोरं अभ्यास सोडून खांबाशी उभी राहायची. आठवीत असताना तिनं एकदा घरून कळशी आणली. हेडमास्तर तिकडचे, पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले. त्यांनी तिला प्रेमानं जवळ बोलावून सांगितलं, “बाळ, आपल्या शाळेत भेदभाव नाही. तू वेगळं भांडं आणलंस तर बघणाऱ्याला वाटेल, आहे.” कळशी परत गेली. त्या दिवसापासून तिनं शाळेत पाणी पिणं सोडलं. सकाळी घरून पिऊन निघायची आणि संध्याकाळी घरी जाऊन प्यायची. विचारलं तर म्हणायची, “मला तहानच लागत न्हाई.”

तीन वर्षं तिला तहान लागली नाही. डोकं मात्र रोज उठायचं. अकरावीच्या दिवाळीनंतर एकदा वर्गातच तिला चक्कर आली आणि तिला बैलगाडीत घालून वस्तीवर आणावं लागलं. तिचा बाप पाटबंधाऱ्याच्या कामावर रोजंदारीला जायचा. त्याने लेकीला गाडीतून उतरवलं आणि गाडीवाल्यासमोरच सांगितलं, “पुन्यांदा असं झालं तर पुस्तकं चुलीत. लेकरू जगलं तर मॅट्रिक.” तो बोलतो ते करतो, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. परीक्षा मार्चमध्ये होती.

मी त्याच रात्री वहीचे कागद फाडून ‘जाहीर सवाल’ लिहिला आणि सकाळी फळ्याशेजारी डकवला. हेडमास्तरांनी तो काढून घेतला आणि मला खोलीत बोलावलं. मी छाती काढून गेलो. ते म्हणाले, “अक्षर सुरेख आहे तुझं. ठळक, सरळ रेषेत. भिंतीवर लिहिशील का?” माझ्या आयुष्यातल्या पहिल्या निषेधाचं फळ म्हणून मला शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहायचं काम मिळालं. मी काव कालवली आणि लिहिले. नाही म्हणता आलं असतं. पण ठळक अक्षरात लिहायला मोठी भिंत मिळणं ही गोष्ट पत्रकवाल्या माणसाला सोडवत नाही.

तेवढ्यात लढाई लागली.

हेडमास्तरांकडे ट्रान्झिस्टर होता. त्यांनी प्रार्थनेनंतर बातम्या सांगितल्या आणि भिंतीवर भारताचा नकाशा लावून त्यावर पट्टी ठेवली. शत्रूचं विमान इथून सरळ निघालं, तर ते थेट सिद्धेश्वरच्या धरणावर येतं, असं त्यांनी दाखवलं. पट्टी कुठंही ठेवली तरी सरळच असते, हे त्यांनीच आम्हाला भूमितीत शिकवलं होतं. पण त्या दिवशी कुणाला भूमिती आठवली नाही. आपल्या धरणावर शत्रूचा डोळा आहे हे ऐकून सगळं गाव फुगलं. तोवर आमच्याकडे तलाठ्याचाही डोळा फारसा नव्हता. रात्री दिवे दिसू देऊ नका, असं दवंडीवाल्यानं सांगितलं. आमच्या वस्तीनं तो हुकूम काटेकोर पाळला. विजेचा खांब अजून दीड कोस लांब होता.

दोन दिवसांनी परभणीच्या कचेरीतून शाळेला हुकूम आला: मैदानात खंदक खणा. मला घोषणा लिहून घ्यायला हेडमास्तरांनी खोलीत उभं केलं होतं, तेव्हा तो कागद त्यांच्या टेबलावर त्यांच्या बाजूनं सुलटा, म्हणजे माझ्या बाजूनं उलटा पडलेला होता. मी तो उभ्या उभ्या वाचून काढला. खंदकाची खोली, वाकडा आकार, इशाऱ्याची घंटा, आणि एक ओळ अशी की खंदकात पिण्याच्या पाण्याची सोय असावी. घरी जाताना मी ते तिला सांगितलं. पाण्याची ओळ तिनं मला दोनदा म्हणायला लावली.

खंदक मॅट्रिकच्या वर्गानं खणायचा ठरला, कारण तो मॅट्रिकच्या वर्गासाठीच होता. सगळी शाळा मावेल एवढा खणायला महिना लागला असता. हेडमास्तरांनी समजावून सांगितलं की मॅट्रिकच्या मुलांवर सरकारचा जास्त खर्च झालेला आहे, तेव्हा आधी ती वाचली पाहिजेत. बाकीच्या वर्गांनी मैदानातल्या कडुलिंबाखाली पालथं झोपून कानांत बोटं घालायची होती.

आमच्या वर्गात पाटलाचा पुतण्या होता. त्याचे काका शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष. त्याने टिकाव असा धरला की जणू टिकावच त्याला मारणार आहे.

“काहून रे, तुझ्या वावरात कोण खणतं?” धनगराच्या पोरानं त्याला विचारलं. हा पोरगा मेंढरं सोडून शाळेत यायचा आणि सोबत मेंढरांचा वासही आणायचा.

“माणसं हायेत.”

“मंग त्याहीलाच पाठीव की लढाईला. तू कशाला आला?”

माती उपसून टोपल्या बाहेर टाकायचं काम तिनं केलं. सुट्टीत ती बापाबरोबर पाटाच्या कामावर जायची. तिची टोपली गेली की आमची अर्धी भरलेली असायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोक्याएवढा खंदक झाला. मामानं व्हरांड्यातला रांजण गडगडत आणून खंदकाच्या एका कोपऱ्यात पुरला आणि पेला वर पालथा ठेवला. हुकूम होता.

पहिली तालीम भर दुपारी झाली. मामानं लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा जोरजोरात बडवला. आम्ही नऊजण धावत जाऊन खंदकात पडलो. धोका टळला की सावकाश ठोके द्यायचे होते. हेडमास्तर बातम्या ऐकायला खोलीत गेले आणि तिथंच रमले. मामा हेडमास्तरांच्या हुकमाशिवाय ठोका देणार नव्हता. ऊन थेट खंदकात उतरलं. तास होऊन गेला असावा.

“मामा, पाणी!” पुतण्या ओरडला.

वरून मामाचे फक्त पाय दिसत होते. “मी खाली येनार न्हाई. घंटीवाल्यानं वरच ऱ्हायचं, हुकूम हाय.”

“मंग वरून वाढ!”

“वरून कसं वाढू? रांजन खाली, मी वर.”

“दोरीला लोटा बांधून सोडा की, हिरीत सोडल्यावानी,” धनगराचं पोरगं म्हणालं. कुणी हसलं नाही. घसे कोरडे होते.

ती कोपऱ्यातच बसलेली होती. उठली. पेला उचलून रांजणात बुडवला, तोंडाला लावला आणि प्यायली. एवढी शांतता होती की घोट उतरल्याचा आवाज आला. मग दुसरा पेला भरला आणि तोही प्यायली. पेला रांजणावर पालथा ठेवून जाग्यावर येऊन बसली आणि म्हणाली, “ज्याला पाहिजे त्यानं घ्या.”

पुतण्यानं वर पाहिलं. “वर कोण हाय?”

“मामाचे पाय,” कुणीतरी म्हणालं.

“पायाला डोळे नसतात,” धनगराचं पोरगं म्हणालं आणि उठून प्यायलं. मग एकेक करून सगळे. पुतण्या सगळ्यात शेवटी उठला. पेला हातात घेऊन म्हणाला, “घरी कुणी सांगितलं तर बघा,” आणि त्याने तीन पेले रिचवले. त्याने दम कुणाला दिला हे मला अजून उमगलेलं नाही. त्याच्या घरी जाऊन सांगणारा त्याच्याशिवाय दुसरा कुणी नव्हता.

मला भरून आलं. मी उभा राहून बोलायला सुरुवात केली, “मित्रहो, आजचा हा क्षण...”

“खाली बस पत्रक्या,” धनगराचं पोरगं म्हणालं. “शत्रू ऐकल.”

मग तालीम रोजची झाली. दुपारी बाराला घंटा, आम्ही खंदकात. देशावर संकट होतं तोवर तिचं डोकं उठलं नाही. घरी जाताना ती चालत चालत इतिहासाची सनं म्हणायची आणि मला हरवायची. तिचा बाप एकदा मला म्हणाला, “पोरीचा रंग पालटला गा. लढाई मानवली तिला.” भिंतीवर मी ‘एक होऊ या’ असं फूटभर अक्षरात लिहिलं होतं. ते आम्ही जमिनीखाली रोज तासभर होत होतो. वर आलो की पुन्हा जे ते ज्याच्या त्याच्या जागी.

आणि मग लढाई जिंकली. बातमी आली त्या दिवशी प्रभातफेरी निघाली आणि सगळ्यांना साखर वाटली. आम्हा दोघांच्या हातावर मामानं साखर उंचावरून सोडली. थोडी हातावर पडली, थोडी मुंग्यांना. हेडमास्तर भाषणात म्हणाले, “देशाचा विजय झाला आहे. आता सर्व काही पूर्ववत होईल. उद्यापासून खंदक बुजवायला घ्या.” मी पुष्कळ जळजळीत शब्द वाचलेले आहेत. ‘पूर्ववत’ हा त्यांच्यापैकी कशाहूनही कमी नाही.

रांजण त्याच दुपारी व्हरांड्यात गेला. खंदक बुजवायला माती ओली करून घ्यायची होती, म्हणून ते काम दोन-तीन दिवस लांबलं. तेवढ्यात तिला पुन्हा तहान लागेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी घरी जाताना ती पाटाच्या भरावावर डोकं धरून बसली. पाटातून धरणाचं पाणी भरून चाललं होतं. ती खाली उतरून प्यायली, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, “बाला सांगू नको.”

“मी पत्रक काढतो,” मी म्हणालो. “छापून. हिंगोलीहून. मथळा सुचलाय मला.”

“काढ. तोवर परीक्षा होऊन जाईल.”

मला राग आला. तिला तो दिसला असावा. ती म्हणाली, “तू तो हुकूम वाचला व्हता ना, उलटा? त्यात खंदक बुजवा असं लिहेल व्हतं का?”

“नाही.”

“बराबर आठवतं?”

“बराबर. लढाई संपल्यावर काय करायचं ते त्यात नव्हतंच.”

“मंग झालं,” ती म्हणाली आणि उठली. माझा मथळा तिनं विचारलाही नाही.

सकाळी आम्ही फावडी घेऊन खंदकापाशी उभे होतो. हेडमास्तर देखरेखीला आले. तिनं वर्गात करतात तसा हात वर केला.

“सर, बुजवायचा हुकूम आला का?”

“कसला हुकूम? लढाई संपली बाळ.”

“खणायचा आलता ना सर, परभणीहून. म्हनून इचारलं.”

हेडमास्तर खंदकाकडे बघत राहिले. ते वाईट माणूस नव्हते. नोकरीत बावीस बदल्या झालेला माणूस जसा असतो तसे होते. सरकारच्या हुकमानं झालेली वस्तू सरकारच्या हुकमाशिवाय मोडायची, आणि तीही लष्करी बाब! त्यांच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला.

“थांबा,” ते म्हणाले. “मी वर विचारतो.”

“तोवर तालीम बंद ठिवायची का सर?” तिनं विचारलं. अगदी साधेपणानं.

“हुकमात बंद करा असं नाही,” हेडमास्तर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

“आन् पानी?”

त्यांनी मामाला हाक मारली. मामानं रांजण पुन्हा गडगडत नेला. हेडमास्तरांनी वर विचारलं. वरून उत्तर आलं नाही. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत लढाई चालू ठेवायची की थांबवायची, या प्रश्नाला उत्तर द्यायला परभणीला सवड नव्हती. मला या सरकारच्या आळसाविरुद्ध पुष्कळ लिहायचं आहे. पण त्या तीन महिन्यांबद्दल त्याचे आभार.

जानेवारी, फेब्रुवारी. देशात शांतता आणि आमच्याकडे रोज बाराला हवाई हल्ला. खालच्या वर्गांना लिंबाखाली पालथं पडायचा कंटाळा आला, ते झोपी जाऊ लागले. आम्ही खंदकात अभ्यास करायचो. ऊन चढलं तसं पुतण्यानं घरून तुराट्या आणवून वर सावली केली. खाली गार असायचं. तिनं त्याला त्रैराशिक शिकवलं. तो पेला भरून तिच्याकडे द्यायचा आणि म्हणायचा, “घ्या मास्तरीनबाई, पन आजच्याला दोनच गणितं.” वर मैदानात दिसला तर ओळख द्यायचा नाही. मी एकदा त्याला याचा जाब विचारला. तो म्हणाला, “तुझं काय जातं रे? वर माझे काका हायेत. खाली मी हाय.” त्या वेळी मी त्याला दुटप्पी म्हणालो. आजही म्हणेन. पण वर एकटप्पी आणि खालीही एकटप्पी, अशी बाकीची माणसं पाहिल्यावर आवाज जरा कमी लावेन.

मार्च लागला आणि निरोप समारंभ ठरला. परीक्षेला अजून दोन-अडीच आठवडे होते, जादा तास रोज चालणार होते. अध्यक्ष, म्हणजे पुतण्याचे काका, दोन दिवस आधी शाळा बघायला आले आणि मैदानात तो खंदक बघून भडकले.

“मास्तर, ह्यो खड्डा अजून काहून हाय? एखादं ढोर पडलं म्हंजी?”

“साहेब, वरून हुकूम नाही.”

“मी सांगतो त्यो हुकूम. समारंभ झाला की मीच पयली टोपली टाकतो. दिसायला बी बरं दिसंल.”

दुपारी मामा झेंडूची माळ सांगून ठेवायला बाजारात गेला. टोपलीला माळ आणि फावड्याला लाल फीत बांधायची होती. जाताना रस्त्यात मी तिला म्हणालो, आता तरी मला लिहू दे. ती म्हणाली, “लिही. पण परवा समारंभाला टायमात ये.”

समारंभाला लिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही नऊजण पुढच्या सतरंजीवर. अध्यक्ष पांढऱ्या स्वच्छ धोतरात बोलायला उभे राहिले. विषय लढाई. शत्रूचं विमान कसं येतं, धरण फुटलं असतं तर गावाचं काय झालं असतं, आपण कसे सावध होतो. बोलता बोलता त्यांना स्वतःचाच रंग चढला. मामा रुळाच्या तुकड्याखाली टोपलीला माळ बांधत बसला होता. ती सतरंजीच्या कडेला, त्याच्याजवळच होती. ती हळूच म्हणाली, “मामा, बारा झाले.”

मामानं लिंबाची सावली पाहिली. खरंच बारा झाले होते. तालीम बंद करा असा हुकूम त्याला कुणी दिलेला नव्हता. समारंभ असला म्हणून काय झालं? त्याने माळ खाली ठेवली, हातोडा घेतला आणि रूळ बडवला.

आम्ही नऊजण तीन महिन्यांच्या सवयीनं उठून धावलो. लिंबाखालचे खालचे वर्ग धाडकन पालथे पडले. हेडमास्तर खुर्चीखाली वाकले. अध्यक्षांचं “शत्रूचं विमान अचानक...” हे वाक्य अर्धवट होतं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, पालथ्या पडलेल्या पोरांकडे पाहिलं, आणि धोतर सावरत आमच्या मागून खंदकात उडी घेतली.

ते पार पांढरे पडले होते. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. “पानी,” ते म्हणाले. “पानी दे गं पोरी.”

तिनं पेला भरून दिला. ते घटाघट प्यायले. “आजून.” तिनं पुन्हा दिला. तोही संपला. मग जीव थाऱ्यावर आला तसं त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

“कुनाची गं तू?”

तिनं बापाचं नाव सांगितलं. वस्तीचं नाव सांगितलं, आमचं, नवं. अध्यक्ष पेल्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडापर्यंत निदान चार मथळे आले होते. पण खाली भाषण करायचं नाही, हा शिरस्ता होता.

पुतण्यानं काकांच्या हातातून पेला काढून घेतला, रांजणात बुडवला आणि त्यांच्यासमोर प्यायला. “बसा काका,” तो म्हणाला. “अजून दुसरी घंटी व्हायचीय. आमी रोजच पितो.”

वर काका आणि खाली पुतण्या, ही त्याची वाटणी त्या दिवशी काकांनीच खाली उतरून मोडली होती.

सावकाश ठोके पडले. अध्यक्ष वर आले, धोतर झटकलं आणि भाषण पुरं केलं. शाळेची सावधगिरी पाहून आपण थक्क झालो, असं म्हणाले. पहिल्या टोपलीचं नाव त्यांनी काढलं नाही. हेडमास्तरांनी आठवण करून दिली तेव्हा ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मास्तर. हुकूम येऊ द्या वरून. पोरांची परीक्षा होऊन जाऊ द्या.” खंदकात काय चालतं हे आता बाहेर आलं असतं तर कोण कोण प्यायलं तेही आलं असतं. झेंडूची माळ मामानं रुळाच्या तुकड्यालाच बांधली.

परीक्षा हिंगोलीच्या केंद्रावर झाली. ती पास झाली, माझ्यापेक्षा वरच्या वर्गात. पुतण्या गणितात पास झाला यावर त्याच्या घरच्यांचा आठ दिवस विश्वास बसला नाही. धनगराचं पोरगं इंग्रजीत गेलं आणि आता मेंढरांना इंग्रजीत शिव्या देतं, असं ऐकतो. तिच्या बापानं पुस्तकं चुलीत घातली नाहीत. ती विकून टाकली आणि तिला अध्यापनाच्या शाळेत घातलं.

मागच्या वर्षी मी दाखल्यासाठी त्या हायस्कुलात गेलो. खंदक त्या पावसाळ्यात आपोआपच भरला होता. हुकूम शेवटपर्यंत आला नाही. वर आता व्हॉलीबॉलचं मैदान आहे. रांजण व्हरांड्यात आहे, खिळ्याला पेला आहे, आणि शिपाई नवा आहे. मी तासभर उभा राहून बघितलं. नव्या शिपायालाही शिंका येतात.

मी छापखान्यात जाऊन पत्रक काढलं. गठ्ठा काखेत मारून जवळा बाजारच्या आठवडी बाजारात वाटत होतो, तेव्हा ती भेटली. भाजी घेत होती. नरसीकडच्या एका गावात चौथीपर्यंतच्या शाळेत मास्तरीण आहे. मी तिला हायस्कुलाची गोष्ट रागारागानं सांगितली. तिनं ऐकून घेतली.

“तुझ्या शाळेत काय आहे?” मी विचारलं.

“माठ वर्गाच्या मधोमध ठिवला. ज्याला तहान लागंल त्यानं बुडवून प्यायचं.”

“गाव काही म्हणालं नाही?”

“म्हनलं की. आले चार-पाच जन. म्या म्हनलं, वरून हुकूम हाय.”

“कुठून आला हुकूम?”

“परभणीहून.”

“आला?”

ती वांगी निवडत होती. “दोन वर्षं झाली,” ती म्हणाली. “दाखव म्हनून कुनी न्हाई म्हनलं अजून.”

मी तिला सांगितलं की हे बरोबर नाही. हक्क आहे तो हक्क म्हणून मागितला पाहिजे, खोट्या हुकमाच्या आडून नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. उद्या कुणी दाखव म्हणालं तर?

“तवर माझी पहिलीची पोरं चौथीत जातील,” ती म्हणाली आणि माझ्या काखेतल्या गठ्ठ्याकडे बोट केलं. “त्यातले धा-बारा दे.”

मला बरं वाटलं. “गावात वाटशील?”

“न्हाई रे. भिंतीला लावते वर्गाच्या. अक्षर ठळक हाय, लेकरं वाचायला शिकतील.”

मी मोजून न घेता निम्मा गठ्ठा तिच्या पिशवीत घातला.

“सुलटे लाव,” मी म्हणालो.

“दोन-चार उलटे बी लावते,” ती म्हणाली आणि वांग्यांचा भाव करायला वळली.